पानमळ्याचा पैसा आणि परगावचे घर

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, इंदापूर गाठण्यापूर्वी, निमगाव केतकी हे मोठे बागायती गाव लागते. नागवेलीचे पानमळे, डाळिंबाच्या बागा आणि पाण्याची सोय असेल तेथे ऊस, अशी या गावाची ढोबळ संपत्ती. आणि ज्या घरांना गेल्या दोन पिढ्यांत या तिहींपैकी एखादे पीक साधले, त्या घरांत खर्च वजा जाता उरलेल्या पैशाचे काय करावे हा प्रश्न कधी ना कधी उपस्थित होतोच. पूर्वी त्याचे उत्तर ठरलेले असे. बांधालगतची जमीन विक्रीस निघाली तर ती घ्यावी, न निघाली तर विहीर खोल करावी, आणि तेही झाले असेल तर घरातील स्त्रियांच्या अंगावर सोने घालावे. आता या उत्तरात एका नव्या कलमाची भर पडली आहे. ते म्हणजे बारामतीस, किंवा सोलापूर रस्त्याने पुण्यात शिरताना लागणाऱ्या मांजरी-हडपसरच्या बाजूस, एखादा फ्लॅट घेऊन तो भाड्याने द्यावा आणि महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या उत्पन्नावर निर्धास्त असावे.

या विचारामागे जी भीती आहे ती खोटी नाही. डाळिंबावर तेल्या आणि मर या रोगांनी कशी अवकळा आणली हे इंदापूर तालुक्याने पाहिले आहे. उसाची पहिली उचल कधी मिळेल आणि अंतिम भाव किती निघेल यासाठी वर्षानुवर्षे कारखान्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. आणि पानमळा हा त्यातल्या त्यात नित्य पैसा देणारा असला, तरी वेलीची मशागत, तिला आधार देणाऱ्या झाडांची निगा, खुडणी आणि पाण्याची पाळी यांत घरातील सारी माणसे गुंतवून ठेवणारा आहे. तेव्हा ज्याला रोग लागत नाही, जे वाळत नाही आणि ज्यास पाणी द्यावे लागत नाही असे उत्पन्नाचे साधन बागायतदाराला हवेसे वाटले, तर त्यात नवल ते काय? मात्र घराची किंमत घेणारा आणि विकणारा असे दोघे मिळून ठरवीत असले, तरी त्याचे उत्पन्न ठरविण्याचा अधिकार त्या दोघांपैकी एकाकडेही नसतो. तो असतो त्या घरात राहावयास येणाऱ्या तिसऱ्याच माणसाच्या कमाईकडे, आणि सौद्याच्या वेळी या तिसऱ्याची आठवण बहुधा कोणालाच झालेली नसते.

दुसऱ्याच्या वहिवाटीत असलेल्या मिळकतीतून किती उत्पन्न घेता येते, या प्रश्नाची एक मोठी कसोटी जेथे लागली ते ठिकाण म्हणजे नेमका हाच इंदापूर तालुका होय. पेशवाई बुडाल्यानंतर पुणे जिल्ह्याची साराबंदी नव्याने करण्याचे काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण मुलकी अधिकाऱ्याकडे आले. हा गृहस्थ इंग्लंडातील हेलबरीच्या विद्यालयात प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ माल्थस याच्या हाताखाली शिकलेला, आणि रिकार्डोने १८१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातील खंडाची उपपत्ती त्या काळच्या सुशिक्षित इंग्रजांच्या मनावर आरूढ झालेली. शेताच्या एकूण उत्पन्नातून लागवडीचा सर्व खर्च आणि कुणब्याचे वेतन वजा केल्यावर जे निव्वळ उरते त्याचा ठराविक हिस्सा सरकारने घ्यावा, असे तत्त्व ठरवून प्रिंगलने १८२७ नंतरच्या दोन-तीन वर्षांत जमिनी मोजविल्या, त्यांची प्रतवारी लावली आणि प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न मोठ्या चिकाटीने कागदावर काढले. तत्त्व निर्दोष होते, कोष्टके व्यवस्थित होती, आणि तरीही ही जमाबंदी फसली. मोजणी करणाऱ्यांची लबाडी, उत्पन्नाचे चढे अंदाज, पडलेले धान्याचे भाव आणि ओढीचे पाऊसकाळ अशी तिची अनेक कारणे सांगण्यात येतात. परंतु परिणाम एकच झाला, की सारा झेपेनासा होऊन कुणबी जमिनी सोडू लागले, शेते पडीक पडली आणि सरकारला दरसाल सूट देत बसावे लागले.

तेव्हा १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा लष्करी अभियंता या दोघांनी इंदापुरापासून कामास पुन्हा आरंभ केला. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचे सूक्ष्म गणित बाजूस ठेविले. जमिनीची खोली व पोत पाहून तिची आणेवारीने प्रत लावावी, मागील वर्षांत प्रत्यक्ष वसूल किती झाला आणि लोकांना किती झेपले ते पाहावे, आणि त्या मानाने हलका सारा ३० वर्षांसाठी कायम करावा, ही त्यांची रीत होती. पडीक शेते पुन्हा लागवडीखाली आली, आणि इंदापुरात बसलेली ही पद्धत पुढे साऱ्या मुंबई इलाख्यात पसरली. आजच्या सात-बाऱ्याच्या उताऱ्यामागे जी गट आणि क्षेत्र यांची परंपरा आहे तिची मुळे याच मोजणीत आहेत. कागदावर सिद्ध होणारे उत्पन्न आणि कसणाऱ्याच्या किंवा राहणाऱ्याच्या खिशातून निघू शकणारे उत्पन्न यांतील अंतर ज्या भूमीत इतक्या खर्चाने शिकले गेले, त्या भूमीतील माणसाने बिल्डरच्या चकचकीत माहितीपत्रकातील अपेक्षित भाड्यावर विश्वास ठेवावा, याची मात्र मला मौज वाटते.

या प्रकरणाचा उत्तरार्धही विसरण्याजोगा नाही. तीस वर्षांची मुदत संपून १८६७ मध्ये इंदापूरची साराबंदी पुन्हा झाली, तेव्हा अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाच्या भावाला आलेली तेजी आणि तिच्यासोबत चढलेले इतर मालाचे भाव सर्वांच्या डोळ्यांपुढे होते. ती स्थिती टिकाऊ समजून सारा वाढविण्यात आला. तेजी ओसरली, सावकारांनी हात आखडता घेतला, आणि आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे या गावी १२ मे १८७५ रोजी सावकारांच्या दुकानांवर व दफ्तरांवर हल्ला होऊन दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले. तेजीतील भाव हाच कायमचा भाव आहे असे धरून दीर्घ मुदतीचा बोजा अंगावर घेणारे लोक आजही पुष्कळ आहेत. फरक इतकाच, की आज तो बोजा सरकार बसवीत नाही, माणूस स्वखुशीने बँकेत जाऊन त्यावर सही करतो.

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे वळू. समजा, एका बागायतदाराने ५० लाख रुपयांचा दोन खोल्या-स्वयंपाकघराचा फ्लॅट घेतला. मुद्रांक शुल्क पुणे शहरात ७ टक्के, नोंदणी शुल्क १ टक्का परंतु ३० हजारांच्या वर नाही. म्हणजे किरकोळ खर्च न धरताही घर ५३ लाख ८० हजारांना पडले. (खरेदीखत घरातील स्त्रीच्या नावे केल्यास महाराष्ट्रात मुद्रांकात एक टक्क्याची सवलत मिळते; ती घेण्याइतकी सुबुद्धी अनेकांना सुचते, आणि त्या निमित्ताने का होईना, पत्नीच्या नावावर मिळकत चढते.) या घराला महिना १४ हजार रुपये भाडे येते असे धरले, तर वर्षाचे १ लाख ६८ हजार झाले. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च महिना दोन हजारांप्रमाणे २४ हजार, मिळकतकर, दलाली, रंगरंगोटी आणि नळ-विजेची दुरुस्ती मिळून १५ हजार, आणि एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत सरासरीने रिकामा जाणारा एक महिना, म्हणजे १४ हजार, वजा केले असता १ लाख १५ हजार उरतात. ५३ लाख ८० हजारांवर हे उत्पन्न शेकडा दोन रुपये चौदा पैसे पडते. आकडे कल्पित असले तरी प्रमाण कल्पित नाही. आपल्या मोठ्या शहरांत राहत्या घराचे ढोबळ भाडे किमतीच्या शेकडा दोन ते साडेतीनच्या घरात असते, हे या व्यवसायातील जाणकारांना पुरते ठाऊक आहे.

घर कर्ज काढून घेतले असेल तर चित्र आणखी पालटते. ४० लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे ३४ हजार ७०० रुपये येतो. भाडे आले १४ हजार, म्हणजे २० हजारांवर रक्कम दरमहा मळ्यातून किंवा पगारातून घालावी लागते. भाड्यावर हप्ता फिटेल ही समजूत येथेच गळून पडते. वीस वर्षांत एकंदर व्याज ४३ लाखांच्या पुढे जाते, मुदलाहूनही अधिक. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुदलापेक्षा जास्त असू नये हा दामदुपटीचा जुना दंडक आपल्याकडे प्रसिद्ध आहे, पण हप्त्याहप्त्याने चुकते केलेल्या व्याजाला तो कधीच लागू नव्हता, हे लक्षात ठेवलेले बरे.

यावर उत्तर तयार असते: भाड्यासाठी कोण घेतो, भाव वाढतील म्हणून घ्यावयाचे. भाव वाढतातही. परंतु पन्नासचे घर बारा वर्षांनी ऐंशीला गेले असे अभिमानाने सांगणाऱ्यास त्याची वार्षिक वाढ विचारली, तर ती सांगता येत नाही. ती चार टक्के असते, आणि मुद्रांकासह झालेला खरा खर्च धरला तर साडेतीनही नव्हे. जमिनीच्या भावाशी घराच्या भावाची तुलना करण्याची शेतकऱ्याची सवय येथे त्याला फसविते. गावच्या वेशीवरील एकर रस्ता रुंद झाल्यामुळे दहापट झाला, ही गोष्ट खरी असू शकते. पाटसहून बारामती, इंदापूर, अकलूज असा जाणारा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग, ज्याच्या चौपदरीकरणाचे भूमिपूजन नोव्हेंबर २०२१ मध्ये झाले, त्याच्या आसपासच्या जमिनींविषयीच्या गप्पा या भागात कोणत्याही पारावर ऐकावयास मिळतात. पण फ्लॅट म्हणजे जमीन नव्हे. त्यात जमिनीचा अविभक्त वाटा असतो तो लहान, आणि बाकीचा ऐवज म्हणजे विटा, सळया, लिफ्ट आणि फरश्या, जो दरसाल झिजत जातो. वीस वर्षांच्या इमारतीतील घर विकावयास काढणाऱ्यास समोरच्याच नव्या इमारतीशी स्पर्धा करावी लागते. जमिनीचा तुकडा मात्र जुना होत नाही.

मग इतके असूनही लोक घर घेतात, आणि पुष्कळदा घेऊन ते कुलूपबंद ठेवतात, याचे काय? २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात १ कोटी १० लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली. त्यातील पुष्कळशी घरे कोणालाच नको होती म्हणून रिकामी असतील असे नव्हे. धन्याला भाडेकरूची भीती वाटते हेही त्यामागचे एक बलवत्तर कारण आहे, आणि महाराष्ट्रात या भीतीला इतिहास आहे. मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७ चा. त्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाणभूत मानले आणि ते दशकानुदशके गोठवून ठेविले. युद्धोत्तर टंचाईत गरीब कुटुंबांना आधार देण्याचा त्याचा हेतू स्तुत्य होता यात शंका नाही; परंतु पुण्याच्या पेठांतील वाड्यांत अवघ्या काही रुपयांच्या भाड्यावर पिढ्या नांदल्या, धन्याने दुरुस्ती सोडून दिली, कौले गळू लागली, आणि शेवटी भाडेकरू व मालक दोघेही त्याच पडक्या वास्तूचे कैदी झाले. प्रमाणभूत भाड्याची ही तरतूद काळाच्या ओघात अन्यायकारक झाली असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या डिसेंबरात सांगेपर्यंत अर्धे शतक लोटले होते.

इकडे शेतीत १९४८ चा कूळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने ती मोठी गोष्ट होती, आणि आज निमगाव केतकीच्या परिसरात जमीन बाळगून असलेल्यांतही कुळाचे मालक झालेल्या कुटुंबांचे वंशज असतील. पण त्याच दिवसाने दुसराही एक धडा घराघरांत रुजविला, की ज्याच्या ताब्यात दिले त्याचे झाले. त्यात भर म्हणून १९७३ च्या दुरुस्तीने, त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस परवानगीच्या नात्याने जे घरांत राहत होते त्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. म्हणजे भाडेकरू नको म्हणून ज्यांनी मुद्दाम परवानाधारक ठेवले होते, त्यांचीही वाट बंद झाली. अशा तीन अनुभवांतून गेलेल्या समाजाने रिकाम्या घराला कुलूप लावणेच पसंत केले, तर त्याला निव्वळ अडाणी म्हणता येणार नाही.

परंतु ती परिस्थिती आता राहिलेली नाही, आणि याची जाण तालुक्याच्या गावापर्यंत पुरतेपणी पोचलेली दिसत नाही. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ या कायद्याने निवासासाठी लिव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपताच सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा परत मिळविण्याची स्वतंत्र व जलद वाट दिली आहे, आणि मुदतीनंतर ठाण मांडून बसणाऱ्यास ठरलेल्या रकमेच्या दुप्पट नुकसानभरपाईची तरतूद केली आहे. त्याबरोबर एक जबाबदारीही घातली आहे. करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, तो नोंदविण्याचे दायित्व धन्याचे, आणि कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. याहून महत्त्वाचे असे, की नोंदणीकृत करार नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास नोंदणी सक्तीची असल्यामुळे अकरा महिन्यांचा करार करून नोंदणी टाळण्याची जुनी युक्ती पुष्कळजण अजून वापरतात. महाराष्ट्रात तिने काहीच साधत नाही. एकंदर भाड्यावर पाव टक्का मुद्रांक आणि जुजबी नोंदणी शुल्क, एवढ्या खर्चात आता घरबसल्या ऑनलाइन होणारे हे काम टाळून जो लाखांची मिळकत तोंडी बोलण्यावर देतो, त्याने भाडेकरूला दोष देण्यापूर्वी थोडे थांबावे.

राहणारा कोण हे आधी पाहावे, असे मी म्हणतो त्याचा खरा अर्थ बारामतीस गेल्यावर ध्यानात येतो. तेथे औद्योगिक वसाहतीत कामाला येणारे तरुण आहेत, १९७२ मध्ये स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानच्या आणि इतर संस्थांच्या महाविद्यालयांत शिकणारी मुलेमुली आहेत, २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि बदलीवर येणारे अधिकारी व शिक्षक तर पूर्वीपासूनच आहेत. यांतल्या बहुतेकांना ५० लाखांचे घर नको असते; त्यांना स्वच्छ संडास, अखंड पाणी आणि कामाच्या किंवा कॉलेजच्या जवळची एक खोली हवी असते, आणि तिच्यासाठी महिना तीन-चार हजार देण्याची त्यांची तयारी असते. स्वतःच्या बिनशेती प्लॉटवर साडेचार लाख खर्चून बांधलेली खोली महिना साडेतीन हजारांनी गेली, तर वर्षाचे ४२ हजार होतात, म्हणजे बांधकामावर शेकडा नऊहून थोडे अधिक. हे उत्पन्न फ्लॅटच्या दुपटीहून पुढे गेलेले दिसते. पण त्यात दोन गोष्टी लपलेल्या असतात. प्लॉट वडिलोपार्जित असल्यामुळे त्याची किंमत कोणी हिशेबात धरीत नाही. आणि दर सहा महिन्यांनी बदलणारे भाडेकरू, तुंबलेली मोरी, विजेच्या मीटरवरून होणारे वाद आणि परीक्षा संपल्यावर एकदम रिकाम्या पडणाऱ्या खोल्या यांचा व्याप सांभाळणे ही एक स्वतंत्र नोकरीच असते. ज्याला ती करावयाची नाही त्याने ते नऊ टक्के आपले समजू नयेत. तसे पाहिले तर पानमळा आणि खोल्यांची चाळ यांत मला फारसे अंतर दिसत नाही. दोहोंचा पैसा नित्य येतो, आणि दोहोंकडे नित्य पाहावे लागते.

निमगाव केतकीपासून फार लांब नसलेल्या वालचंदनगराचे उदाहरण याच संदर्भात आठवते. वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात माळरानावर साखर कारखाना उभारला, तेव्हा त्यासोबत कामगारांच्या वसाहतीही बांधल्या. कारण राहावयास जागा दिल्याशिवाय तेथे माणूसच टिकला नसता. अशा वसाहतीत घराचे मूल्य कारखान्याच्या भोंग्याला बांधलेले असते. कारखाना जोरात असेल तोवर आसपासच्या वाडीतील पडवीलाही भाडे मिळते, आणि तेथील काम मंदावले की चांगल्या बांधलेल्या घरालाही कोणी विचारीत नाही. ज्या गावात कमाईचे साधन एकच आहे तेथे भाड्याच्या आशेने घर बांधणे म्हणजे त्या एका साधनातच दुसऱ्यांदा पैसा घालणे होय. खुद्द निमगावात भाड्याने घर मागणारे कोण, तर बँकेचे कर्मचारी, शिक्षक, दवाखान्यातील माणसे आणि दुकानदार. त्यांची संख्या मोजकीच असणार. एरवी आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी या गावी मुक्कामाला येते, तेव्हा ओसऱ्या, मंदिरे, शाळा आणि मोकळी रानेसुद्धा वारकऱ्यांनी भरून जातात, आणि त्या रात्री गावातील कोणालाही भाड्याची कल्पना शिवत नाही. पण तो हिशेबच निराळ्या वहीतला आहे.

कागदपत्रांविषयी लिहावयाचे म्हटले तर एक स्वतंत्र लेख होईल, तरी दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. पहिली गुंठ्यांच्या प्लॉटची. शेतजमिनीचे दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून, शंभर किंवा पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी करून, 'पुढे बिनशेती होईलच' अशा भरवशावर विकण्याचा धंदा प्रत्येक वाढत्या गावाच्या कडेला चालतो. स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत खरेदीखतावाचून पूर्ण होत नाही हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने आणि १९०८ च्या नोंदणी कायद्याने केव्हाचेच ठरविले आहे, आणि नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर मालकी येत नाही हेही सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्राखालच्या तुकड्यांवर निर्बंध घातले. अलीकडे शासनाने ते पुष्कळ सैल केले आहेत, परंतु सैल झालेला नियम आपल्याच गटाला लागू होतो की नाही, याची खात्री तहसील कचेरीतून करून घ्यावी, विकणाऱ्याच्या तोंडून नव्हे. उताऱ्यावरील इतर हक्काचा रकाना, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, वारसांच्या फेरफार नोंदी, आणि गावठाणातील घर असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या पलीकडे मिळकत पत्रिका झाली आहे का, एवढे तरी स्वतः वाचावे. ग्रामपंचायतीच्या आकारणीचा उतारा हा कर कोणी भरावा एवढेच दाखवितो.

दुसरी गोष्ट बांधकाम चालू असलेल्या इमारतीची. १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात महारेरा हे प्राधिकरण काम करू लागले. ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक जागेवरील किंवा आठांहून अधिक घरांच्या प्रकल्पाला नोंदणी सक्तीची झाली, ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्याच स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक झाले, आणि करार नोंदविल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागण्यास बिल्डरला मनाई झाली. बुकिंगच्या नावाखाली पाचव्या हिश्शाची रोकड मागणारा बिल्डर कायदा मोडतो आहे, हे ओळखण्यासाठी वकिलाची गरज नाही.

कराच्या बाबतीत शेतकऱ्याला एक अपरिचित अनुभव येतो. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आणि गावाकडील शेतजमीन विकली तर त्या नफ्यावरही सहसा कर नाही, अशा जगातून तो येतो. घरभाडे मात्र करपात्र असते. मिळकतकर वजा जाता उरलेल्या भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, कर्जाचे व्याजही वजा होते, आणि दुसरे करपात्र उत्पन्न नसलेल्या माणसाला बहुधा काहीच भरावे लागत नाही. पण फ्लॅट जर पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या नावे असेल तर तेच भाडे त्याच्या पगारावर चढते. घर दोन वर्षांनंतर विकल्यास जुलै २०२४ पासून नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. त्या महिन्याच्या २३ तारखेपूर्वी घेतलेल्या घरांना महागाईचा निर्देशांक लावून वीस टक्क्यांचा जुना पर्यायही खुला ठेविला आहे.

इतका सगळा विचार करूनही एक प्रश्न बहुतेक घरांत अनुत्तरित राहतो, तो वारसांचा. शेताचे वाटप होऊ शकते. बांध घालून, विहिरीच्या पाण्याचे दिवस ठरवून, भांडत का होईना, दोन भाऊ ते करतात, आणि बहिणींनी हक्कसोड लिहून देण्याची, माझ्या मते त्यांच्यावर अन्याय करणारी, रूढी त्यात सवयीने चालून जाते. फ्लॅटला बांध घालता येत नाही. वडिलांनी स्वकष्टार्जित पैशातून स्वतःच्या नावे घेतलेले घर, इच्छापत्र नसेल तर, १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवा पत्नी, मुलगे, मुली आणि वडिलांची आई हयात असेल तर तीही, अशा सर्वांचे समसमान होते. आणि त्याची किंमत एका आकड्यात सांगता येत असल्यामुळे आपण नेमके काय सोडतो आहोत हे बहिणीलाही स्पष्ट दिसते, जे दिसणे योग्यच आहे. सोसायटीच्या दफ्तरी वडिलांनी थोरल्या मुलाचे नाव नामनिर्देशित केले असेल, तर तो स्वतःला धनी समजू लागतो. वास्तविक तो इतर वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो, मालक नव्हे, आणि या एका गैरसमजावरून दिवाणी कोर्टात किती दावे चालतात याची गणती नाही. घर घेतेवेळी लाखभर रुपये मुद्रांकात सहज घालणारा माणूस ज्या कागदासाठी एक रुपयाचाही मुद्रांक लागत नाही, जो साध्या कोऱ्या कागदावर लिहिता येतो आणि ज्याची नोंदणीही सक्तीची नाही, ते इच्छापत्र करण्याचे मात्र वर्षानुवर्षे टाळतो. त्यावर आपली सही आणि ती होताना पाहिलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या, एवढेच लागते.